एन्क्रिप्टेड ड्राइव्ह चुकून फॉरमॅट झाला, तर डेटा परत मिळतो का?

कॉम्प्युटरला बाहेरची हार्ड डिस्क लावली की कधीकधी विंडोज एक छोटी खिडकी उघडतं. ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का, असा प्रश्न त्यात असतो. डिस्कमध्ये काहीतरी बिघाड झाला असेल असं समजून अनेक जण 'फॉरमॅट डिस्क' दाबून मोकळे होतात.

प्रत्यक्षात डिस्क धडधाकट असते. ती व्हेराक्रिप्टने किंवा लिनक्समधल्या लक्सने एन्क्रिप्ट केलेली असते आणि विंडोजला त्यातलं काही वाचता येत नाही, इतकंच. जे वाचता येत नाही ते रिकामं, असा विंडोजचा सरळ हिशोब आहे. त्या एका क्लिकनंतर लग्नाचे फोटो, थीसिस, ऑफिसचे हिशोब असं सगळं नाहीसं झाल्यासारखं दिसतं.

मग सुरू होते शोधाशोध. यूट्यूबवर रिकव्हरी सॉफ्टवेअरचे व्हिडिओ सापडतात, कुणीतरी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचं किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतलं दुकान सुचवतं. पण साध्या डिस्कसाठी चालणारे बहुतेक उपाय इथे चालत नाहीत. का चालत नाहीत हे समजलं तर पैसे वाचतात, आणि जिथे डेटा मिळण्यासारखा असतो तिथे तो आपल्याच हातून कायमचा जाण्याचं टळतं.

साध्या डिस्कवर फॉरमॅट केल्यावर काय होतं?

पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी आतली पानं तशीच राहतात. 'क्विक फॉरमॅट'मध्ये साधारण तेच होतं. कोणती फाईल कुठे आहे याची नोंद पुसली जाते, फाईल जागेवरच असते. त्यावर नवीन काही लिहिलं गेलं नाही, तर ती परत मिळू शकते.

रिकव्हरी सॉफ्टवेअर नेमकं हेच करतं. प्रत्येक जेपीईजी फोटोची सुरुवात ठराविक बाइट्सने होते, पीडीएफचीही स्वतःची खूण असते. फोटोरेकसारखं मोफत सॉफ्टवेअर डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाळतं, अशा खुणा शोधतं आणि तिथून पुढचा मजकूर उचलतं.

'फुल फॉरमॅट'ची गोष्ट मात्र वेगळी आहे. विंडोज एक्सपीपर्यंत फुल फॉरमॅट केला तरी डिस्क फक्त तपासली जायची. व्हिस्टापासून फुल फॉरमॅटमध्ये संपूर्ण डिस्कवर शून्यं लिहिली जातात. म्हणजे पानंच कोरी होतात. क्विक फॉरमॅट काही सेकंदांत संपतो, मोठ्या हार्ड डिस्कचा फुल फॉरमॅट अनेक तास चालतो. त्यामुळे काय केलं होतं हे आठवत नसेल, तर किती वेळ लागला हे आठवून पाहा. फुल फॉरमॅट मध्येच थांबवला असेल, तर पुढचा भाग शाबूत असू शकतो.

एन्क्रिप्टेड डिस्कवर मात्र खुणाच सापडत नाहीत. फोटो, पीडीएफ, रिकामी जागा, सगळ्याची मिसळ होऊन तिथे फक्त अर्थहीन वाटणारे बाइट्स असतात. फोटोरेक रात्रभर चालवलं तरी हाती काही लागत नाही. कधी चारदोन फाईल सापडल्याचं दिसतं, पण त्या उघडत नाहीत. आकड्यांच्या गर्दीत योगायोगाने जुळलेल्या खुणा असतात त्या.

पासवर्ड आठवतोय, मग अडचण काय?

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. तुमचा पासवर्ड हीच डेटाची किल्ली आहे, असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं.

ड्राइव्ह पहिल्यांदा एन्क्रिप्ट करताना कॉम्प्युटर स्वतःच एक मोठी रँडम किल्ली तयार करतो. डेटा त्या किल्लीने बंद होतो. मग ही किल्ली तुमच्या पासवर्डने बंद करून त्याच डिस्कवरच्या एका छोट्या जागेत ठेवली जाते. या जागेला हेडर किंवा मेटाडेटा म्हणतात. घराची किल्ली एका पेटीत ठेवली आणि पेटीला आकड्यांचं कुलूप लावलं, असं समजा. तुम्हाला पाठ आहे तो पेटीचा आकडा. पेटीच हरवली, तर आकडा आठवून उपयोग नाही.

हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? पासवर्ड बदलणं सोपं व्हावं म्हणून. पासवर्ड थेट किल्ली असता, तर तो बदलताना २ टीबी डेटा उलगडून पुन्हा बंद करावा लागला असता. आता फक्त पेटीचं कुलूप बदलतं आणि काम क्षणात होतं.

या सोयीची किंमत फॉरमॅटच्या वेळी कळते. २ टीबीच्या डिस्कवरचा सगळा डेटा काही केबी ते काही एमबी एवढ्या जागेवर अवलंबून असतो, आणि अनेक प्रकारांत ही जागा डिस्कच्या अगदी सुरुवातीला असते. फॉरमॅट करताना पहिलं लिखाणही तिथेच होतं.

हेडर गेलं तर किल्ली अंदाजाने शोधता येईल का? २५६ बिटच्या किल्लीच्या शक्यता मोजायला ७८ अंकी संख्या लागते. जगातले सगळे कॉम्प्युटर कामाला लावले तरी ते शक्य नाही. उलट, किल्ली नष्ट करणं ही डेटा पुसण्याची अधिकृत पद्धत आहे. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये 'क्रिप्टोग्राफिक इरेज' या नावाने ती नोंदवलेली आहे. म्हणजे चुकून केलेला फॉरमॅट कधीकधी नकळत तेच काम करून बसतो.

त्यामुळे फॉरमॅटनंतर विचारायचा पहिला प्रश्न 'फाईल मिळतील का' हा नाहीच. 'हेडर वाचलं का' हा आहे. याचं उत्तर प्रत्येक प्रकारात वेगळं आहे.

व्हेराक्रिप्ट: आशा सगळ्यात जास्त

ट्रूक्रिप्ट हे लोकप्रिय सॉफ्टवेअर २०१४ मध्ये बंद पडलं. त्याच्याच कोडवर उभं असलेलं व्हेराक्रिप्ट त्याआधी, २०१३ मध्ये आलं होतं. या दोघांनी एक शहाणपणा केला आहे. मुख्य हेडर सुरुवातीला असतं, पण त्याची एक प्रत व्हॉल्यूमच्या शेवटच्या १२८ केबीमध्ये ठेवलेली असते. क्विक फॉरमॅटचा मोठा घाव बसतो सुरुवातीला, आणि शेवटची प्रत बहुतेक वेळा वाचते.

अशा वेळी व्हेराक्रिप्टमध्ये तो ड्राइव्ह निवडून 'रिस्टोअर व्हॉल्यूम हेडर' हा पर्याय वापरता येतो आणि व्हॉल्यूममध्येच असलेल्या प्रतीवरून हेडर पुन्हा बसवता येतं. काहीही न लिहिता आधी फक्त तपासायचं असेल, तर माउंट करताना 'रीड-ओन्ली' निवडून शेवटची प्रत वापरायचा पर्यायही आहे. तोच आधी वापरावा.

ड्राइव्ह उघडला तरी लगेच फोल्डर दिसतील असं नाही. फॉरमॅटने जिथे जिथे लिहिलं, तिथला मूळ मजकूर गेलेला असतो. पण आता डेटा उलगडलेल्या रूपात समोर असतो. त्यावर टेस्टडिस्क, फोटोरेक ही सॉफ्टवेअर चालतात.

यात दोन अडथळे आहेत. फॉरमॅट करताना पार्टिशनचा आकारही बदलला असेल, तर 'शेवट' दुसरीकडे सरकतो आणि सॉफ्टवेअरला प्रत सापडत नाही. आधी मूळ पार्टिशन जसंच्या तसं उभं करावं लागतं. दुसरं म्हणजे, ज्या ड्राइव्हवर विंडोजच बसवलेलं आहे तो व्हेराक्रिप्टने एन्क्रिप्ट केला असेल, तर शेवटी अशी प्रत नसते. तिथे सुरुवातीला बनवायला लावलेली रेस्क्यू डिस्कच कामी येते. ती बनवली होती आणि ठेवली कुठे, हे बहुतेकांच्या लक्षात नसतं.

बिटलॉकर: कुणी फॉरमॅट केलं यावर सगळं

विंडोजचं बिटलॉकर आपल्या मेटाडेटाच्या तीन प्रती डिस्कवर वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतं. ऐकायला दिलासा वाटतो, पण यात एक मेख आहे. व्हिस्टापासून विंडोजचा फॉरमॅट बिटलॉकरचा ड्राइव्ह ओळखतो आणि या किल्ल्यांच्या जागा मुद्दाम पुसून टाकतो. जुना कॉम्प्युटर विकताना डेटा दुसऱ्याच्या हाती पडू नये म्हणून केलेली ही सोय आहे. चुकून फॉरमॅट करणाऱ्यालाही तोच न्याय लागू होतो.

तोच ड्राइव्ह टीव्हीने, कॅमेऱ्याने किंवा लिनक्सने फॉरमॅट केला असेल, तर चित्र बदलतं. त्यांना बिटलॉकर माहीत नसतं, त्यामुळे ते प्रती शोधून पुसत नाहीत. तीनपैकी एखादी वाचलेली असू शकते. अशा वेळी विंडोजमध्येच असलेलं 'रिपेअर-बीडीई' हे साधन वापरून पाहावं. ते कमांड प्रॉम्प्टमधून चालतं, मेटाडेटाची शिल्लक प्रत शोधतं आणि डेटा उलगडून दुसऱ्या डिस्कवर लिहितं. ती दुसरी डिस्क तेवढीच किंवा मोठी हवी आणि रिकामी हवी, कारण तिच्यावर जे असेल ते जातं.

यासाठी पासवर्ड किंवा ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये, प्रिंटमध्ये किंवा एखाद्या टेक्स्ट फाईलमध्ये मिळू शकते. पण पुन्हा तेच: हे ४८ अंकही पेटीचाच आकडा आहेत. तिन्ही प्रती पुसल्या गेल्या असतील, तर अचूक रिकव्हरी की हातात असूनही काही होत नाही.

ऑफिसच्या लॅपटॉपसाठी एक वाट उरते. काही कंपन्या रिकव्हरी कीसोबत 'की पॅकेज'ही आपल्या सर्व्हरवर साठवतात. त्यात बंद केलेली किल्लीच असते, म्हणजे डिस्कवरचा मेटाडेटा गेला तरी चालतं. म्हणून बॉसला कळू नये म्हणून गुपचूप बाहेर दुरुस्ती करून घेण्यापेक्षा आयटी विभागाला लगेच सांगितलेलं बरं.

आणि 'माझ्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन नाहीच' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी एकदा सेटिंग उघडून बघावं. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, नव्याने विंडोज टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केल्यास अनेक लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं. दुकानदाराने विंडोज टाकून दिलं असेल आणि अकाउंटही त्यानेच बनवलं असेल, तर रिकव्हरी की त्या अकाउंटमध्ये असते.

लक्स: जरा कठोर

लिनक्सवरच्या या पद्धतीचं नाव साबणासारखं असलं तरी मामला कोरडा आहे. लक्सची पहिली आवृत्ती हेडरची दुसरी प्रत ठेवत नाही. शिवाय किल्ली मुद्दाम ४,००० पट पसरवून लिहिलेली असते, अशा रीतीने की त्यातला थोडा भाग पुसला तरी पूर्ण किल्ली निकामी व्हावी. डेटा नष्ट करायचा असेल तेव्हा तो खात्रीने नष्ट व्हावा, हा त्यामागचा विचार.

लक्स २ मध्ये हेडरच्या माहितीची दुसरी प्रत असते, पण बंद किल्ल्या जिथे असतात त्या भागाची नसते. फॉरमॅट तिथपर्यंत पोचला नसेल, तर 'क्रिप्टसेटअप रिपेअर'ने काम होऊ शकतं. पोचला असेल, तर आधी घेतलेला हेडरचा बॅकअप हाच उपाय.

एक अपवाद आहे आणि तो फार महत्त्वाचा आहे. चूक झाली त्या क्षणी ड्राइव्ह पासवर्ड टाकून उघडलेला असेल आणि कॉम्प्युटर अजून सुरू असेल, तर खरी किल्ली मेमरीत जिवंत असते. अशा वेळी कॉम्प्युटर बंद करू नका, रीस्टार्ट करू नका, ड्राइव्ह काढू नका. दिसत असलेल्या फाईल ताबडतोब दुसरीकडे कॉपी करा आणि लिनक्स नीट जाणणाऱ्या माणसाला बोलवा. बंद केल्यावर ही संधी परत येत नाही.

उघडलेला ड्राइव्ह आतून फॉरमॅट केला असेल तर?

व्हेराक्रिप्ट आणि लक्स या दोन्हींत ड्राइव्ह उघडल्यावर एक नवा ड्राइव्ह दिसतो. फॉरमॅट त्या आतल्या ड्राइव्हवर झाला असेल, तर हेडरला धक्का लागत नाही. पासवर्ड टाकून तो पुन्हा उघडता येतो आणि पुढचं काम साध्या डिस्कसारखंच असतं. म्हणजे त्या वेळी कोणत्या ड्राइव्हवर क्लिक केलं होतं, हे आठवणं फार उपयोगाचं असतं. बिटलॉकरला ही सवलत नाही. तिथे उघडलेला ड्राइव्ह विंडोजमधून फॉरमॅट केला, तरी किल्ल्या पुसल्या जातात.

एसएसडी असेल तर

इथपर्यंतचं सगळं फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कसाठी आणि पेन ड्राइव्हसाठी. एसएसडीमध्ये 'ट्रिम' नावाची सोय असते. क्विक फॉरमॅट करताना विंडोज एसएसडीला सांगतं, की ही सगळी जागा आता मोकळी समज. त्यानंतर ती जागा वाचायला गेलं की बहुतेक एसएसडी शून्यं परत देतात, आणि फावल्या वेळात आतला मजकूर खरोखर पुसूनही टाकतात. हेडरचा बॅकअप असला तरी मग उलगडायला काही उरलेलं नसतं. लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीबाबत फार आशा ठेवू नये. यूएसबीने लावलेल्या काही एसएसडीपर्यंत ट्रिमचा आदेश पोचत नाही, त्यांच्या बाबतीत प्रयत्न करून पाहण्यात अर्थ आहे.

फोनचं उत्तर सगळ्यात छोटं. आयफोन 'इरेज' केला किंवा आताचा अँड्रॉइड फोन फॅक्टरी रीसेट केला, की किल्ली नष्ट होते. ॲपलच्या चिप असलेल्या मॅकचंही तेच. मिळालं तर आयक्लाउड किंवा गूगलच्या बॅकअपमधूनच मिळेल.

चूक झाल्यावर लगेच काय करायचं?

वर सांगितलेला कॉम्प्युटर सुरू असण्याचा अपवाद सोडला, तर ड्राइव्ह काढून बाजूला ठेवा. त्यावर नवीन फाईल टाकू नका, रिकव्हरी सॉफ्टवेअर तर त्याच ड्राइव्हवर अजिबात इन्स्टॉल करू नका. विंडोज 'स्कॅन अँड फिक्स' विचारेल, त्यालाही नाही म्हणा.

घाबरून केली जाणारी एक चूक सगळ्यात महागात पडते. 'तोच पासवर्ड टाकून पुन्हा एन्क्रिप्ट केलं तर जुनं सगळं दिसेल,' असा विचार करून लोक बिटलॉकर किंवा लक्स पुन्हा चालू करतात. पासवर्ड तोच असला तरी किल्ली नवी आणि पूर्णपणे वेगळी बनते, आणि नवं हेडर जुन्याच्या उरल्यासुरल्या खुणांवर लिहिलं जातं. वाचण्यासारखा डेटा अनेकदा असा जातो.

त्यानंतर पूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल काढा. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे मोफत साधन त्यासाठी चांगलं आहे. नक्कल ठेवायला मूळ डिस्कएवढी पूर्ण जागा लागते. ती दाबून झिप करू म्हटलं तर जमत नाही, कारण एन्क्रिप्टेड डेटा दबत नाही. पुढचे सगळे प्रयोग या नकलेवर करायचे. एक फसला तर दुसरी नक्कल काढता येते, मूळ डिस्क तशीच राहते.

आणि हे चालू असताना आधी साधी शोधाशोध करा. वनड्राइव्ह, गूगल फोटोज, जुना लॅपटॉप, कुणाला तरी पाठवलेला ईमेल, घरच्यांच्या व्हॉट्सॲपवर गेलेले फोटो. अर्धा डेटा कधीकधी इथेच सापडतो.

दुकानात जाताना

ड्राइव्ह पडला, त्यातून आवाज येतोय, तो सापडतच नाही, अशा बिघाडात चांगल्या लॅबचा खरोखर उपयोग होतो. पण हरवलेली किल्ली कोणत्याही लॅबमध्ये बनवता येत नाही. म्हणून पैसे ठरवण्याआधी एकच विचारा: हेडर किंवा मेटाडेटाची प्रत शिल्लक आहे का, हे तुम्ही आधी तपासून सांगाल का? माहीतगार माणूस या प्रश्नावर उलट तुम्हालाच चार प्रश्न विचारेल. कोणतं एन्क्रिप्शन, कुठल्या सिस्टिमवर फॉरमॅट केलं, क्विक की फुल, एसएसडी आहे का? 'आमच्याकडे स्पेशल सॉफ्टवेअर आहे, होऊन जाईल' एवढंच उत्तर आलं, तर ड्राइव्ह परत घेऊन निघावं.

डेटा गेल्याची पोस्ट टाकली की कमेंटमध्ये 'या इन्स्टाग्राम आयडीवर मेसेज करा, यांनी माझा डेटा परत दिला' असं सांगणारे हमखास उगवतात. हा फसवणुकीचा ठरलेला प्रकार आहे. त्यांना पैसे तर देऊ नकाच, रिकव्हरी कीही देऊ नका. खऱ्या लॅबला मात्र पासवर्ड किंवा की द्यावी लागते, त्याशिवाय तिला डेटा उलगडता येत नाही. त्यामुळे लॅब निवडताना आपला खाजगी डेटा तिथल्या माणसांना दिसणार आहे, हे धरून चाला.

हेडरचा बॅकअप

ज्यांचा एन्क्रिप्टेड ड्राइव्ह आज नीट चालतोय, त्यांच्यासाठी हे पाच मिनिटांचं काम आहे. व्हेराक्रिप्टमध्ये 'बॅकअप व्हॉल्यूम हेडर' हा पर्याय टूल्समध्ये आहे. लक्ससाठी 'क्रिप्टसेटअप'ची 'लक्सहेडरबॅकअप' ही कमांड आहे, आणि तिची फाईल साधारण २ ते १६ एमबीची होते. बिटलॉकर वापरणाऱ्यांनी रिकव्हरी की जपावी, आणि जमत असेल तर 'मॅनेज-बीडीई'ने की पॅकेजही काढून ठेवावं. विंडोजने पुन्हा फॉरमॅटचा प्रश्न विचारू नये म्हणून डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन व्हेराक्रिप्टच्या पार्टिशनचं ड्राइव्ह लेटर काढून टाकता येतं.

ही फाईल त्याच ड्राइव्हवर ठेवू नका, हे सांगायला नको, तरी सांगावं लागतं. दुसऱ्या पेन ड्राइव्हवर ठेवा. ती कुणाच्या हाती लागली तरी पासवर्डशिवाय उघडत नाही. मात्र तुम्ही नंतर पासवर्ड बदललात, तरी जुन्या बॅकअपमधली पेटी जुन्याच पासवर्डने उघडते आणि आतली किल्ली तीच असते. पासवर्ड कुणाला कळला म्हणून बदलला असेल, तर जुना बॅकअप नष्ट करून नवा घ्यावा लागतो.